इनॉकची इभ्रत आणि म्यूरिएलबाईंची खिडकी

इंग्लंडातल्या लाँगटन गावच्या इनॉक टनिक्लिफनं चाळीस वर्षं चिनीमातीच्या कारखान्यात भट्ट्या भरल्या आणि उपसल्या. भट्टी पुरती निवायच्या आत हा आत! अशा माणसाला पेन्शनीत गेल्यावर जूनमध्येसुद्धा हुडहुडी भरायची. पण बोलायची सोय नव्हती. ज्याला थंडी सोसत नाही त्याला त्या गावात 'नेश' म्हणतात, आणि नेश ठरलेल्या बाप्याची पबमध्ये मरेपर्यंत टिंगल होते.

तशात शेजारी म्यूरिएलबाई राहायला आल्या. दक्षिणेकडच्या, विधवा, हसऱ्या आणि मोकळ्या हवेच्या परमभक्त. दर रविवारी इनॉकला चहाला बोलवायच्या आणि खिडकी सताड उघडी ठेवायच्या.

पहिल्याच रविवारी वारं कॉलरीतून शिरून बुटातून बाहेर पडू लागलं, तेव्हा इनॉक अदबीनं म्हणाला, "अगदी स्टार्व्ड झालोय हो." लाँगटनमध्ये याचा अर्थ 'गारठलोय'. एवढं बोललं तर चालतं, दोष हवेवर जातो. 'खिडकी लावा' म्हटलं की संपलं. पण म्यूरिएलबाईंच्या मुलुखात स्टार्व्ड म्हणजे उपाशी. "अगंबाई, आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्यांनी ॲपल-पायचा आणखी एक तुकडा वाढला.

तीन महिने हेच. इनॉक जितका कुडकुडे, तितका फुगे. बाई मनात भरल्या होत्या, लग्नाचं विचारायचं होतं. पण दात वाजत असताना मागणी घालणार कशी?

"अरे बदका, खिडकी लावा म्हणून सांग की!" बहीण डॉली म्हणाली. लाँगटनमध्ये भावापासून पोस्टमनपर्यंत सगळेच प्रेमानं बदक असतात.

"आणि नेश ठरू? मी?"

"मग मर गारठून. कोटाचं बटण लागत नाही तुझं, शवपेटी तेवढी रुंद सांगून ठेव."

पुढच्या रविवारी इनॉकनं बशी खाली ठेवली आणि डोळे मिटले.

"म्यूरिएलबाई, आधीच सांगितलेलं बरं. मी... मी नेश आहे."

बाई क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"असेनात का! मी मेथडिस्ट. या वयात पंथ कसले बघायचे? आपलं जमेल."

इनॉक उठला आणि त्यानं खिडकी धाडकन लावली.

"अहो, हे काय?"

"आमच्या पंथात," इनॉक गंभीरपणे म्हणाला, "खिडकी लावूनच मागणी घालतात."