कोटावरचा बॅज
कूलरच्या ओल्या खसचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. नागपूरच्या एका दवाखान्यात मी न्यूक्लिअर मेडिसिनचं काम शिकत होतो. तिथला कूलर सीनियर टेक्निशियनच्या खुर्चीकडे तोंड करून असायचा, आणि थायरॉइडच्या पेशंटसाठी किरणोत्सारी आयोडीन ओतायचं काम मात्र माझ्याकडे. अंगावर किती किरणं पडली ते छातीवरच्या फिल्म-बॅजवरून कळायचं, म्हणून तो म्हणायचा, "बॅज खणात ठेवून ये गा, आकडा वाढला तर चौकशी लागते." एकदा मी नाही म्हणालो, तर पेशंटसमोर ओरडला, "काहून आला इथं? कोष्ट्याच्या पोरा, तुले हातमागच बरा होता!" त्या शनिवारी तो गेल्यावर खुंटीवरच्या त्याच्या कोटाचा बॅज मी आयोडीनच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि सोमवारी गुपचूप परत लावला. बॅज तपासणीला गेले, महिन्याने त्याच्या बॅजचा आकडा मर्यादेबाहेर गेल्याचं पत्र आलं आणि त्याला कामावरून हटवलं. जाताना त्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने मलाच विचारलं, "घरी तान्ही पोरगी आहे गा. तिले कडेवर घेऊ का नको?" मी म्हणालो, "नका घेऊ." आज माझ्या मांडीवर नात खेळते, तरी त्या उत्तराचं मला म्हणावं तितकं वाईट वाटत नाही.