रंधाकाकांनी गप्प केलेलं दार

रंधाकाकांना देवाने उजवा अंगठा दिला होता तो लाकडाची कड चाचपायला. उपासनेला बसले की पाळकसाहेबांचा उपदेश डोक्यावरून जायचा आणि काकांचा अंगठा पुढच्या बाकाच्या कडेवरून फिरत राहायचा. एखादं कुसळ लागलं की "आमेन"च्या आधी "च्च" ऐकू यायचं. प्रभू सुताराच्या घरात वाढला, ह्याचा त्यांना असा काही अभिमान होता, की वाटावं आपल्याच गल्लीतलं पोर पुढे नाव काढून गेलं.

कुरकुरणारी वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. लग्नात नवरीकडच्या मांडवातलं स्टेज कुरकुरलं, तर हे नवरदेव असूनही खाली वाकून बघत होते.

अशा माणसाला मुलाने रिटायर केलं. दुकानामागच्या सुतारी कारखान्यात विजेची यंत्रं आली आणि एका सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फक्त बसा." काका बसले. दुकानाच्या दाराशी, खुर्चीत. सून चहा आणून द्यायची, गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, मजा आहे बुवा तुमची!" मजा कसली डोंबलाची! आतून लाकडाचा वास यायचा आणि ह्यांचे हात मांडीवर पडलेले, दोन शिळ्या भाकऱ्यांसारखे.

त्यात एका रविवारी चर्चमध्ये जाहीर झालं, की परदेशातल्या एका लहान मंडळीला शाळेची खोली बांधून द्यायची आहे, स्वयंसेवक पाहिजेत, शक्यतो तरुण. पहिला हात वर गेला तो रंधाकाकांचा.

"अहो, आपल्या न्हाणीघराचं दार कधीचं लोंबतंय," काकू घरी येऊन म्हणाल्या, "आणि तुम्ही निघालात समुद्रापलीकडे खोली बांधायला!"

"ते घरचं आहे. घरच्याला धीर धरता येतो."

"मला विचारा धीर म्हणजे काय ते!" असं म्हणत काकूंनी बॅग भरली. काकांनी त्यातला स्वेटर काढून रंधा घातला, काकूंनी रंधा काढून स्वेटर घातला. अखेर रंधा स्वेटरमध्ये गुंडाळून गेला.

तिथे पोचल्यावर तिथल्या पाळकांनी पाहुण्यांसाठी चर्चचं दार उघडलं. खांदा लावून, जोर करून उघडलं. आणि ते दार असं किंचाळलं, की काकांच्या दाढांना झिणझिण्या आल्या. काही वेळातच सगळी वस्ती गोळा झाली. काकांना वाटलं, आपल्याला बघायला आली. मग हसून, हात हातात घेऊन, लोकांनी वयाने सर्वांत मोठ्या पाहुण्याचा मान केला. त्याला खुर्ची दिली.

काकांना रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. तरुण मंडळी माल कालवत होती, विटा वाहत होती, हाताला फोड आले म्हणून कौतुकाने एकमेकांना दाखवत होती. काकांनी घमेलं उचललं, की तिथल्या गवंड्यांचा मुकादम, दारात मावणार नाही एवढा माणूस, गोड हसायचा, घमेलं काढून घ्यायचा आणि काकांना खांदे धरून खुर्चीत ठेवायचा. ऊन सरकलं की खुर्ची सावलीत सरकायची, काकांसकट.

"मास्तरीणबाई, सांगा त्याला, मी सुतार आहे," काका कळवळले. आपल्या तुकडीच्या प्रमुख मास्तरीणबाई तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायच्या.

"सांगितलं, काका. तो म्हणतो, त्याचे वडीलही थोर होते."

"अहो, बसायलाच यायचं होतं तर घरी खुर्च्या काय थोड्या होत्या? त्या तरी माझ्या हातच्या होत्या!"

शनिवारी दुपारी सगळे ट्रॅक्टरवर बसून नदीवर वाळू आणायला गेले. काकांनी मुद्दाम जांभई दिली आणि मागे राहिले. ट्रॅक्टर वळणाआड गेला तशी स्वारी उठली, स्वेटरमधून रंधा काढला आणि थेट चर्चच्या दारापाशी गेली. पहारेने दार उचलून खाली पाचर मारली, बिजागऱ्यांचे खिळे उपटले, फळी आडवी केली. खालची कड उंबऱ्याच्या दगडाला घासत होती, ती रंधून काढली. बिजागऱ्यांना भरपूर तेल पाजलं. दार परत बसवून करंगळीने ढकललं, तर ते सायीवरून बोट फिरावं तसं निघालं. चूं नाही की चां नाही! संध्याकाळी काका शहाण्यासारखे खुर्चीत बसले. उद्या सगळ्यांचे डोळे दिपवायचे होते.

रविवारी पाळकांनी नेहमीसारखा खांदा लावला. दार अलगद उघडलं आणि पाळक न थांबता पार वेदीपर्यंत गेले. काका दाराशी मंद हसत उभे राहिले.

मग सगळे वाट बघत बसले. कोणी आलं नाही. कुत्रंसुद्धा नाही. पाळक बाहेर आले, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि पायरीवर मटकन बसून काहीतरी बोलले. मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला.

"काका, ह्यांच्याकडे घंटा नाहीये."

"मग?"

"हे दार हीच घंटा होती."

काकांनी स्वतः दार ढकलून पाहिलं. तुकडीतल्या कंपाउंडरने प्रसंगावधान राखून बादली बडवली. त्याबरोबर वस्ती धावत आली, पण हातात ताटल्या घेऊन. तिथे बादली वाजते ती पंगतीसाठी. जेवण नाही म्हटल्यावर लोकांची तोंडं अशी पडली, की त्या दिवशीचा उपदेश देवालासुद्धा फार आवडला नसेल. मुकादमाने काकांकडे पाहिलं. हसला नाही.

"मंडळी जोडायला आलो आणि मोडून चाललो हो!" काका म्हणाले. त्या आठवड्यात परत निघायचं होतं. मागे राहणार होतं एक मुकं दार आणि न येणारे लोक.

सोमवारी पहाट होताच काका दाराला भिडले. ह्या खेपेला कोणी खुर्ची आणली नाही. पण आयुष्यभर कुरकुर घालवलेल्या माणसाने ती आणायची कशी? त्यांनी राखेने तेल पुसलं, बिजागऱ्यांत वाळू कोंबली. दार "कुंई" करून कुत्र्याच्या पिल्लासारखं विव्हळलं. बघ्यांनी माना हलवल्या. वस्तीच्या टोकाला एक आजीबाई राहायच्या. त्यांना ऐकू गेलं तरच आवाज खरा, असं ठरलं. निरोप घरोघर ओरडत पुढे जायचा आणि तसाच परत यायचा.

"काय म्हणाल्या?"

"कोणाची तरी कोंबडी दारात अडकलीय, सोडवा म्हणाल्या."

आणखी वाळू. आणखी निरोप.

"आता काय?"

"कोंबडी सुटली का, विचारतायत."

शेवटी मुकादम पुढे झाला. छाती भरून त्याने गळ्यातून खरा, जुना आवाज काढला, "कर्रर्र-ईंईं!" काकांनी मान तिरकी करून ऐकला आणि आपल्या गळ्यातून काढून दाखवला. मुकादमाने हाताने खूण केली, आणखी जाड. काकांनी जाड काढला. नातवंडं झालेले दोन पुरुष देवाच्या दारात समोरासमोर उभे राहून किंचाळत होते आणि मास्तरीणबाईंना भाषांतराला काही कामच उरलं नव्हतं.

मग मुकादमाने छिन्नीने उंबऱ्याचा दगड खरबरीत केला. काकांनी टणक लाकडाची पट्टी घडवून दाराच्या खालच्या कडेला ठोकली. एकाने उचलायचं, दुसऱ्याने घासायचं. "अरे धर की नीट, रेड्या!" काका मराठीत ओरडायचे आणि तो त्याच्या भाषेत त्याहून वाईट काहीतरी बोलायचा.

मंगळवारी दुपारी दोघांनी मिळून खांदा लावला. दार किंचाळलं. झाडावरचे पक्षी उडाले, कंपाउंडरच्या हातून वीट पडली. टोकाकडून निरोप मात्र आला नाही. काकांनी घाम पुसला आणि मान खाली घातली.

निरोप येणार कुठून? आजीबाई स्वतःच निघाल्या होत्या. स्वच्छ कपडे, हातात गीतांचं पुस्तक. दारात आल्या, कामाच्या कपड्यांतल्या सगळ्यांना त्यांनी फडाफडा बोलून घेतलं आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. त्यांच्यामागून बाकीची वस्ती. पाळकांना भर मंगळवारी अख्खी उपासना घ्यावी लागली. काका मागच्या भिंतीला टेकून उभे होते, अंगभर भुसा, आणि एकही गीत येत नसताना सगळ्यांच्या वर आवाज काढून गात होते.

बुधवारी सकाळी मुकादम एक लांब फळी खांद्यावर घेऊन आला आणि काकांच्या पुढ्यात दाणकन टाकली. शाळेच्या खोलीचं दार.

काकांचा चेहरा उजळला. "हे असं करतो बघा, वारा आला तरी कळणार नाही!"

मुकादमाने जोरजोरात मान हलवली आणि बरंच काही बोलला.

"काका, तो म्हणतो, ह्यालाही आवाज पाहिजे," मास्तरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "पण वेगळा. नाहीतर पोरं प्रार्थनेला जातील आणि म्हातारे पाढे म्हणत बसतील."

"अरे देवा! घरी कळलं तर मुलगा दुकानाची पाटी उतरवेल माझ्यामुळे." काकांनी फळी उलटी करून पाहिली, कानावर पेन्सिल खोचली आणि बाही वर सारली. "विचारा त्याला लवकर, बारीक पाहिजे का घोगरा? मला दिवसभर वेळ नाहीये."