काट्याला न दिसलेले दोन इंच

शिंपीणबाईंच्या मुलीला घरात राणी म्हणत, ते काही उगाच नाही. अकरा वर्षांची झाली तरी तिला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. डाउन सिंड्रोम आहे ना, म्हणजे पोर नाजूक, असा घराचा ठरावच होता. आजी बिस्किटं भरवायची, आई शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसवून बटणं निवडायला द्यायची, आणि मग दोघी मिळून काळजी करायच्या की हिचं अंग एवढं का सुटलंय.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कान उपटले. हृदय तपासलंय, ठणठणीत आहे. स्नायू मुळातच सैल, म्हणून तर हिला पळवायला हवं. शिंपीणबाई वरमल्या आणि शाळेत जाऊन खेळाच्या तासाला राणीचं नाव घालून आल्या. खुर्चीत बसून शिट्टी वाजवणं एवढाच खेळाच्या सरांचा व्यायाम. त्यांनी उपकार केल्यासारखी तीन महिन्यांची मुदत दिली. वजन उतरलं तर राहील, नाहीतर बाकावर बसून इतरांचे गुण मोजेल.

तीन महिन्यांनी काटा अर्धा किलो वर सरकला. सरांनी शिंपीणबाईंना मैदानावर बोलावून घेतलं. वजन वाढलंय, शिवाय पळताना हिचे हात हलत नाहीत, कमरेशी मुठी आवळून पळते, तोल नाही, कधीतरी पडेल आणि माझ्या अंगाशी येईल, असं सगळं त्यांनी बसल्या जागेवरून ऐकवलं.

शिंपीणबाईंची नजर माणसाच्या तोंडाआधी शिवणीकडे जाते. राणीने स्कर्ट दोन्ही मुठींत धरला होता. सोडला असता तर घसरलाच असता. गल्लीभरच्या बायकांचे कपडे आत घेऊन देणाऱ्या या बाईला पोटच्या पोरीचा स्कर्ट ढगळ झालेला दिसला नव्हता.

गळ्यातली टेप काढून त्यांनी तिथेच कंबर मोजली. दोन इंच कमी. मग पोटरी. ती पाऊण इंच जास्त.

"ताई, ही काय मापं घ्यायची जागा आहे?" सर म्हणाले. "काटा खोटं बोलतो का?"

"काट्याला चरबी काय नि मांस काय, सगळं सारखंच, सर. पूर्वी हिची पोटरी उशीसारखी लागायची, आता दगड झालीय. आणि तोलाचं म्हणाल तर ती चूक माझी."

पिशवीतून सेफ्टी पिन काढून त्यांनी स्कर्ट कमरेवर घट्ट केला. "आता पळवा."

शिट्टी वाजली. राणी दोन्ही हात मोकळे सोडून, तोंड उघडं टाकून पळाली. आली ती शेवटचीच, आणि बऱ्याच वेळाने. पण पडली नाही.

"ठीक आहे, वर्षभर राहू दे," सर पुटपुटले. "पण झेपेल तेवढंच हं."

राणी कुठली ऐकतेय. "परत," ती म्हणाली, आणि बाकीच्या पोरी पाणी प्यायला निघाल्या होत्या तरी धापा टाकत रेघेवर जाऊन उभी राहिली.