‘अशुद्ध’चा अर्थ

ठाण्यातल्या आमच्या विहिरीचं पाणी सरकारने तपासलं आणि ‘अशुद्ध’ असा निकाल पाठवला. आळीला वाटलं, विहीर बाटली. पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईवर विहिरीला शिवल्याचा आळ घेऊन पुरुष तिला मारायला निघाले.

निकाल आणणारा कारकून शांतपणे कठड्यावर बसला. चष्मा पुसत त्याने पाणी भरायला आलेल्या, मिठागरात राबणाऱ्या बायकांना विचारलं, "पाण्यात मीठ विरघळलं की दिसतं का, बायांनो?"

"चाखल्याशिवाय कसं कळणार?"

"तशीच मोरीची घाण यात उतरलीय. कुणाच्या शिवण्याने नव्हे."

"मग विहिरीच्या शुद्धीला भटजींना बोलावू नको?" मी विचारलं.

"बोलवा की. पण त्यांनाही पाणी उकळूनच द्या."

सरकारी कागदावरचा शब्द खोडायला छाती लागते. त्याने ‘अशुद्ध’ खोडून ‘उकळून प्यावे’ लिहिलं. मारायला निघालेले पुरुष मागे फिरले; त्या बाईच्या दारात कुणी गेलं नाही.