तळ्यातला राक्षस आणि खोडाळ्याच्या बाई

खोडाळ्याच्या बाईंना बसून गोष्ट सांगता येत नसे. राक्षस आला की त्या उठायच्या, पदर खोचायच्या आणि खोलीभर धपाधप चालायच्या. माझी मनू तोंड उघडं टाकून बघत राहायची आणि मी दारात उभी राहून जळायची. हो, जळायचीच. दुसरा सोज्वळ शब्द मला इथे वापरायचा नाही.

जव्हारच्या एकाच शाळेत आम्ही दोघी शिकवायचो, घरंही भिंतीला भिंत लागून. तळ्यातल्या राक्षसाची ती जाडजूड कादंबरी नाशिकहून आणली मी, रोज थोडी थोडी मनूला वाचून दाखवली मी. बाईंनी ती सहज चाळायला म्हणून नेली आणि आठवड्याभरात राक्षस त्यांचा झाला. मनू म्हणू लागली, "आई, तू नुसतं वाचतेस. मावशीकडे तो येतो." हे ऐकायला मी पुस्तक विकत घेतलं होतं का?

बाईंचं हे अंग घरातूनच आलेलं. त्यांच्या खोडाळा गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे लावून नाचायच्या उत्सवात, प्रत्येक सोंग ठरलेल्या घराने नाचवायचं असतं. त्राटिकेचा मुखवटा बाईंच्या घराकडे होता. "मुखवट्याचं तोंड हालत नाय ना ताई," त्या सांगायच्या, "म्हणून आमचे बाबा पायांनी चिडायचे. पायांनीच रडायचे." इतकं नेमकं त्यांना सुचायचं, याचाही मला राग यायचा.

कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघू. एवढ्या मोठ्या पडद्यापुढे बाईंची धपधप काय टिकणार! नाशिकला जायचा बेत केला, फक्त आम्ही मायलेकींनी. तर पोरीने भोकाड पसरलं, मावशी हवीच. शेवटी एसटीत आमच्या दोघींच्या मधे मनू, आणि तिची मान सारखी मावशीकडे.

चित्रपटातला राक्षस डोंगराएवढा होता. डरकाळी फोडली की खुर्ची हादरायची. मला तर फार आवडला. बाहेर पडताच मी म्हटलं, "काय मनू, कळला ना खरा राक्षस कसा असतो?" तिने मावशीकडे पाहिलं.

उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून बाई विचार करत होत्या. "पिच्चर चांगलाच हाय," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकातला भुकेला होता ताई. तळ्यातले मासे संपले म्हणून तो गावात येतो. ह्याला नुसते दात दिलेत. भूक दिलीच नाय."

"मग दिग्दर्शकाला खोडाळ्याला पाठवायचं होतं शिकायला!" मी म्हटलं. बाई मनापासून हसल्या. टोमणा त्यांना लागलाच नाही. उलट भर रस्त्यात त्यांनी तो भुकेला राक्षस चालून दाखवला, पोटाशी वाकून, एकेक पाऊल ओढत. रसवाला चरक थांबवून बघत राहिला. मीही रस प्यायची थांबले होते, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.

पुढल्या वर्षी त्यांची डहाणूकडे बदली झाली. मी वरवर हळहळले, आतून सुटल्यासारखं वाटलं. त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. मनू पाण्याची बाटली भरायला गेली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ताई, एक सांगू? मला तुमचा लय हेवा वाटायचा."

हातातली त्यांची पिशवी मी खाली ठेवली.

"राक्षस नाचवायचे मी. पण पोर घाबरली की पळायची ती तुमच्या कुशीत. एकदा तरी मला धरावं, असं वाटायचं हो."

मनू बाटली घेऊन आली. मी तिला बाईंकडे ढकललं. "मावशीला घट्ट धर," म्हटलं. तिने इतकं घट्ट धरलं की मला पुन्हा जळल्यासारखं झालं. पण कंडक्टर ओरडायला लागला तरी मी तिला 'सोड' म्हटलं नाही.