लोधीपुऱ्यातून आणलेली तुळस

बुऱ्हाणपूरच्या मिशन कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा देवाशी माझं बोलणं बंद झालं होतं. नास्तिक झालो होतो असं म्हणता येणार नाही, तेवढा विचार मी केलाच नव्हता. फक्त रुसलो होतो. राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं होतं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. माझं शाळेतलं शिक्षण मराठीत झालं, कचेरीचे कागद हिंदीत येऊ लागले आणि कॉलेजातली व्याख्यानं इंग्रजीत चालत. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो, तो विषय पुन्हा द्यायच्या अटीवर मला वर चढवलं. परीक्षेच्या आधी महिनाभर रोज देवाला विनवलं होतं, त्यामुळे निकाल लागल्यावर त्याच्याकडे पाहवेना. आईने निघताना दिलेला पितळी बाळकृष्ण मी एका जुन्या मोज्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. खोलीतल्या मुलांनी विचारलं तेव्हा घरी ठेवून आलो म्हणून सांगितलं.

होस्टेलचे वॉर्डन साळवे सर ख्रिस्ती होते, नगरकडचे. खेड्यातून आलेल्या मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून ते संध्याकाळी आपल्या घराच्या ओट्यावर तासभर शिकवत. कोणाचं पत्र आलं नाही, कोण जेवला नाही, याकडे त्यांचं लक्ष असे. मी त्या तासाला कधी गेलो नाही. नापास झाल्याची लाज होती, शिवाय घरून निघताना वडिलांनी बजावलं होतं, की मिशनवाल्यांच्या घरात फार पाय घालू नको. धूलकोटला आमची कापसाची नि केळीची शेती. वडिलांचा या कॉलेजावर विश्वास नव्हताच, आईच्या हट्टामुळे त्यांनी मला पाठवलं होतं.

दिवाळीनंतर मला ताप आला. चार दिवस मी तो लपवला आणि पाचव्या दिवशी वर्गातच पडलो. डॉक्टरांनी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आहे म्हणून सांगितलं. होस्टेलच्या टोकाला आजारी मुलांसाठी एक खोली होती, तिथे मला हलवलं. सरांनी धूलकोटला निरोप धाडला आणि औषध आणायला माणूस खंडव्याला पाठवला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कपाळावरची ओली पट्टी. सरांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणत असू, त्यांच्या हातातली भाताची पेज. आणि रोज सकाळी खिडकीपाशी पेल्यातून पाणी ओतल्याचा आवाज. तो ऐकला की मला आपण धूलकोटला घरी आहोत असं वाटे, आणि झोप लागे.

बाईंनी नंतर सांगितलं ते असं. तापात मी एकच गोष्ट विचारत होतो, "देवाला आंघोळ घातली का?" दोन दिवस कोणाला काही कळेना. घातली म्हटलं तरी मी ऐकेना, अंथरुणातून उठायला बघे. शेवटी सरांनी माझी ट्रंक उघडली. सगळे कपडे बाहेर काढल्यावर मोज्यात देव सापडला. त्यांनी खिडकीत धुतलेला रुमाल पसरला, त्यावर देव ठेवला, पाणी घातलं, कोरड्या फडक्याने पुसला आणि मला दाखवला. मी विचारलं, "तुळस?" मिशनच्या आवारात तुळस नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सर पहाटेच गावातल्या लोधीपुऱ्याच्या वस्तीत जाऊन एका म्हाताऱ्या आजींकडून चार पानं मागून आणू लागले. आजींनी विचारलं, "तुम्ही तर चर्चवाले, तुम्हाला कशाला तुळस?" सर म्हणाले, "आमचा एक मुलगा आजारी आहे." त्याच्या पुढच्या दिवशी सर पोचायच्या आधीच आजींनी पानं खुडून ओल्या फडक्यात ठेवली होती.

आधी सर माझ्या खाटेपाशी गुडघे टेकून आपली प्रार्थना करत, मग देवाला आंघोळ घालत. असे बारा दिवस गेले.

गोष्ट लपून राहिली नाही. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांपैकी एकांनी प्रिन्सिपल साहेबांकडे तक्रार केली, की वॉर्डन मूर्तिपूजा करतो. साहेबांनी सरांना बोलावून घेतलं. सरांनी एवढंच सांगितलं, "मी पूजा करत नाही. मुलगा उठू शकत नाही, त्याचं काम मी करतो. त्याचे कपडे धुतो, तसंच हे."

वडिलांना निरोप उशिरा पोचला. ते आले ते मला घेऊन जायच्याच विचाराने, बैलगाडी फाटकाशी उभी करून. "पोऱ्याले घरी नेतो," असं त्यांनी शिपायाला दारातच सांगितलं आणि तडक खोलीकडे आले. सर तेव्हा पाठमोरे होते, अनवाणी. हातात पेला होता. वडील उंबऱ्यातच थांबले. सरांनी देव पुसून ठेवला, तुळशीचं पान वाहिलं आणि वळले.

"मास्तर, हे तुम्ही रोज करता काय?"

"मुलगा विचारतो, म्हणून करतो. काही चुकत असेल तर सांगा."

वडील खाली बसले, पागोटं काढून त्यांनी मांडीवर घेतलं. देवाकडे बघत म्हणाले, "नाही. बराबर आहे." मग बाहेर जाऊन त्यांनी बैल सोडले. मला न्यायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

वडील आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. ते खरंच असणार. मी त्यावर कधी वाद घातला नाही, आजही घालत नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की ज्याला मी मोज्यात गुंडाळून ठेवलं होतं, त्याची सेवा माझ्या हातून होत नव्हती तेव्हाही थांबली नाही. शरण जाणं ही मी करायची गोष्ट आहे, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसांत मला मानसुद्धा उचलता येत नव्हती. माझ्याकडून काहीच झालं नाही, आणि तरी सगळं झालं.

मी उठून बसायला लागल्यावर वडील गावी परत निघाले. जाताना म्हणाले, "चालता झालास की एकदा मास्तरांच्या देवळात जाऊन ये. चपला बाहेर काढजो."

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेलो. दर रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ साळवे सर वाचतात हे ऐकून होतो, म्हणून पुढच्या बाकांकडे पाहिलं. वाचायला दुसरेच गृहस्थ उभे होते. सर सगळ्यांत मागच्या बाकावर बसलेले दिसले. त्या तक्रारीवरून सहा महिने त्यांनी वाचायचं नाही असं ठरलं होतं; बाईंनी मला हे सांगितलं नव्हतं, पण त्यांना मागे बसलेलं पाहून कारण माझ्या लक्षात आलं. बाहेर चपला काढणारा मी एकटाच होतो, बाकी सगळे बूट घालून आत बसले होते. पायाखालची फरशी गार लागत होती. सरांनी मला पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून जागा केली.

मी बसलो. "सर, माझ्यामुळे," एवढंच मला म्हणता आलं.

"ऐक," ते हळूच म्हणाले, "छान वाचतायत."

मी हात जोडले. मागायचं काही सुचलं नाही.