आतोबांच्या जीपचा पट्टा

मोटारीपेक्षा मोटारीचा नियम जास्त जोरात पळवणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या आत्याला नवरा म्हणून मिळाला. आमचे आतोबा नेकनूरकडचे, सहकारी साखर कारखान्याच्या गॅरेजात फोरमन. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की ते गाडीचं वय, आजार आणि आधीच्या मालकाचा स्वभाव सांगत. एका लग्नात त्यांनी मांडवाच्या जनरेटरला कान लावला आणि म्हणाले, "ह्यो मंगलाष्टकापत्तुर टिकत न्हाई." टिकला नाही. अंधारात नवरीनं हार घातला तो भटजींच्या गळ्यात, असं मी सांगतो. आत्या म्हणते, मामाच्या.

पुढं दुष्काळ पडला, ऊस वाळला, गाळप बंद झालं आणि कारखान्यानं जुन्या जीपा लिलावात काढल्या. ज्यांनी घेतल्या त्यांना जायला ठिकाण नव्हतं. इकडं तलाव आटून त्याचा तळ असा टणक झाला होता, की त्यावर पापड लाटावेत. तिथं शर्यत ठरली. आमच्याकडं चार माणसं बसली की संस्था निघते, तशी हीही निघाली: चेअरमन, संचालक, वार्षिक सभा, पोटनियम. पोटनियम अर्थातच आतोबांचे. गाडी निदान कारखान्याइतकी जुनी पाहिजे. हँडल मारून चालू झाली पाहिजे. रेडिएटरला एकच तांब्या पाणी, तेही पिण्याचं नको. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कुठल्या यंत्राचा साधा बोल्ट जरी सापडला तरी गाडी बाद. ते हे वाचत असताना सभासदांचं लक्ष कढईतल्या भज्यांकडं, त्यामुळं प्रत्येक वाक्याला "मंजूर, मंजूर" अशी गर्जना होई. मध्येच आतोबांना शिंक आली, तीही मंजूर झाली.

पहिल्या वर्षी त्यांनी नांदूरघाटच्या माझ्या चुलत्याची, म्हणजे सख्ख्या मेहुण्याचीच, जीप बाद केली. हॉर्न मोटारसायकलचा निघाला.

"दाजी, हॉर्ननं गाडी पळती का?"

"न्हाई. पर बेइमानी ऐकू येती."

या तपासणीपायी त्या वर्षी त्यांचं स्वतःचं पळायचं राहून गेलं. त्यांच्याकडं होती ती कारखान्यात त्यांच्या हाताखाली आलेली पहिली जीप. जन्मभर ती संचालकांना घेऊन उसाच्या बैलगाड्यांमागं रांगली. एकदा तरी तिनं मोकळं पळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दुसऱ्या वर्षी सगळ्या गाड्या तपासून झाल्या आणि चुलता म्हणाला, "दाजी, आता तुमचं बोनेट उघडा."

आतोबांनी ऐटीत उघडलं आणि कान लावला. मग पंख्याच्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोटाला पीठ लागलं.

"ह्यो पट्टा माझा न्हाई."

सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं. उन्हाळाभर तिचं शेवयांचं मशीन गल्लीला पुरतं. त्याचा पट्टा तुटायला आला, तेव्हा तिनं जीपचा चांगला पट्टा मशीनला चढवला आणि मशीनचा जीपला. "अवो, निम्म्या गावाचं पीठ मळून पडलं होतं," ती म्हणाली. "जीप काय, उभीच होती."

चुलता तिथल्या तिथं स्वतःच्या जीपवर चढला. "शेवयाच्या मशीनचा पट्टा चालंल. मंजूर?"

सारा तलाव गरजला, "मंजूर."

"नामंजूर," एकटे आतोबा म्हणाले. "पोटनियम बदलायला सभा लागती. सभेला पंधरा दिवसांची नोटीस लागती."

"कावून असं करता दाजी? आज पळा, नोटीस मागून काढू."

"माझ्यासाठी वाकला तर त्यो नियम कसला बे?"

आणि निशाण हातात घेऊन त्यांनी बाकीच्यांना सोडलं. धुराळा खाली बसला तेव्हा त्यांची जीप तोंड उघडं टाकून एकटीच कडेला उभी होती.

पुढं रीतसर सभा झाली, पट्टा मंजूर झाला, आणि त्याच आठवड्यात असा पाऊस लागला की तलाव सांडव्यावरून वाहिला. तो आजवर पुन्हा आटलेला नाही. ऊस डोक्यावर गेला, कारखान्याचं धुराडं पेटलं, बाकीच्या जीपा भंगारात गेल्या. आतोबा मात्र अजून संध्याकाळी आपली जीप तलावाच्या पाळीवर नेतात आणि इंजिन चालू ठेवून, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा आत्याही शेजारी होती.

"पाणी हाय, बरं न्हाई का?" ती म्हणाली.

"लई बरं हाय. कधी आटू न्हाई." पाण्याकडं बघत त्यांनी इंजिन बंद केलं. "पर पट्टा आता नियमात बसतो गं."